३२००ची रॅम पुन्हा पुन्हा २१३३वर का येते?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: 'रॅम ३२००ची घेतली, बायोसमध्ये प्रोफाइल चालू केलं, चार दिवस नीट दाखवत होतं आणि आता टास्क मॅनेजर पुन्हा २१३३ दाखवतोय.' मग पुन्हा बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जायचं, प्रोफाइल, म्हणजे रॅमच्या वेगाची तयार सेटिंग, लावायचं, सेव्ह करायचं आणि आठवडाभराने परत तेच.

अशा वेळी सेटिंग आपोआप उडाली असं सगळे धरून चालतात. तसं क्वचितच होतं. बऱ्याचदा मदरबोर्डनेच ती टाकून दिलेली असते, कारण पीसी सुरू होताना त्या स्पीडला रॅम उभीच राहिली नाही. त्यामुळे तीच सेटिंग दहा वेळा लावून काही होत नाही. बोर्डाने ती का टाकली, हे आधी शोधायचं.

खोक्यावरचा ३२०० हा आकडा म्हणजे कंपनीने तपासून दिलेलं ओव्हरक्लॉक, म्हणजे मानकापेक्षा वाढवलेला वेग असतो. स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात दोन प्रकारची माहिती लिहिलेली असते: एक जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे सुरक्षित वेग, डीडीआर४ला १.२ व्होल्टवर २१३३, २४०० किंवा २६६६. आणि दुसरं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे ३२०० किंवा ३६००, साधारण १.३५ व्होल्टवर. आपण काही सांगितलं नाही तर बोर्ड पहिली माहिती घेतो. हा बिघाड नाही. काही साध्या, हीटसिंक नसलेल्या स्टिक मात्र जेडेकच्याच ३२०० वेगाच्या असतात, सीएल २२ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे घड्याळाचे ठोके) आणि १.२ व्होल्ट. त्यांना प्रोफाइल नसतंच आणि लागतही नाही.

आकडा बघताना एक घोळ हमखास होतो. सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबमध्ये १६०० दिसलं की लोक घाबरतात. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, म्हणून तिथलं १६०० म्हणजेच ३२००. तिथे १०६६ दिसलं तर मात्र तुम्ही खरंच २१३३वर आहात. त्याच प्रोग्रॅमच्या एसपीडी टॅबमध्ये एक्सएमपीचा रकाना आहे की नाही तेही बघून घ्या. रकानाच नसेल तर बायोसमध्ये प्रोफाइल शोधत बसायची गरज नाही.

आधी दोन शक्यता बाजूला काढू

पहिली, तुमचा बोर्ड किंवा प्रोसेसर मुळात ३२०० देतच नसेल. इंटेलच्या जुन्या स्वस्त बोर्डांवर हे फार दिसतं. एच३१०, बी३६० आणि बी३६५ या चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य चिप, तिचं नाव बोर्डाच्या नावातच असतं) २६६६च्या वर जाता येत नाही. एच४१० आणि बी४६०वर आय५ असेल तर २६६६, आय७ किंवा आय९ असेल तर २९३३. आय३-८१०० असेल तर २४००वरच थांबायचं. बी५६०पासून इंटेलने मधल्या दर्जाच्या बोर्डांवर मेमरी ओव्हरक्लॉकिंग खुलं केलं, एच५१०वर नाही. एएमडीकडे या बाबतीत दिलदारी आहे. ए३२० किंवा ए५२० बोर्डावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद असलं तरी मेमरीचं प्रोफाइल चालतं. तुमचा बोर्ड इंटेलच्या या जुन्या यादीत असेल तर मिळेल तो सर्वांत वरचा वेग लावा, जमलं तर टायमिंग (सीएलसारखे ठोक्यांचे आकडे) थोडं आवळा आणि विषय सोडा. बाराव्या पिढीचा 'के' नसलेला प्रोसेसर, म्हणजे १२४००सारखा, आणि डीडीआर४ असेल तर ३६००चा हट्ट धरू नका. त्यात सिस्टिम एजंटचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं, व्होल्टेज वाढवता येत नाही. त्यामुळे गिअर १मध्ये (प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर मेमरीच्याच वेगाने चालतो तेव्हा) ३२०० नक्की चालतं, त्याच्या थोडं वर कधी जमतं, कधी नाही.

दुसरी शक्यता चुकीच्या स्लॉटची. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बोर्डावर तिथे ए२ आणि बी२ असं बारीक छापलेलं असतं. असेंबल करणारा घाईत असेल किंवा प्रोसेसरचा कूलर आडवा येत असेल तर स्टिक पहिल्या आणि तिसऱ्यात जातात. बहुतेक बोर्डांवर तारा आधी जवळच्या स्लॉटला आणि तिथून पुढच्याला जातात. शेवटचा स्लॉट रिकामा राहिला की तारेचं उघडं टोक उरतं, सिग्नल तिथून परत उसळतो आणि जास्त वेगाला चुका होतात. २१३३ला हे जाणवत नाही, ३६००ला लगेच जाणवतं. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये बसवल्या असतील तर ड्युअल चॅनलही, म्हणजे दोन वाटांनी एकदम डेटा नेणंही, गेलं.

एकच स्टिक असेल तर वेगाच्या मागे लागण्याआधी हा हिशोब बघा. एका चॅनलला ३२०० म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. दोन चॅनलला २१३३ म्हणजे ३४.१ जीबी. घसरलेल्या दोन स्टिकसुद्धा पूर्ण वेगाच्या एका स्टिकपेक्षा जास्त डेटा वाहून नेतात. एएमडीच्या रायझन ५ ५६००जीसारख्या, ग्राफिक्स कार्ड न लावता चालवायच्या प्रोसेसरवर तर हा फरक गेममध्ये थेट दिसतो, कारण त्याचे ग्राफिक्स याच रॅमवर चालतात. '१६ जीबीची एकच घ्या, पुढे वाढवता येईल' हा दुकानातला सल्ला अशा पीसीला अजिबात देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरा रोग: लागतं आणि पडतं

पुढच्या वेळी आकडा पडलेला दिसला की लगेच प्रोफाइल लावू नका. पीसी बंद करा, भिंतीवरचं बटणही रात्रभर बंद ठेवा, मग सुरू करून थेट बायोसमध्ये जा आणि तिथली तारीख-वेळ बघा. विंडोजमधली बघून चालत नाही, कारण विंडोज इंटरनेटवरून घड्याळ गुपचूप दुरुस्त करून घेतं.

वेळ चुकलेली असेल, तारीख काही वर्षं मागे गेली असेल, तर संशय बोर्डावरच्या गोल सेलवर. तो सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, त्यामुळे हा सेल लवकर उतरतो. बटण चालू असताना पॉवर सप्लाय बोर्डाला ५ व्होल्टचा बारीक प्रवाह देत राहतो आणि सेलवर भार येत नाही. बटण बंद केलं, किंवा दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, की सगळा भार त्या सेलवर. सेल मेलेला असेल तर दुसऱ्या दिवशी 'एफ१ दाबा' असा संदेश येतो आणि सगळं मूळ सेटिंगवर गेलेलं असतं. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सीआर२०२५ देत असतील तर घेऊ नका, तो पातळ असतो आणि नीट टेकत नाही. काही बोर्डांवर हा सेल ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला असतो, आधी कार्ड काढावं लागतं.

वेळ बरोबर आणि फक्त रॅमचा वेग पडलेला, असं असेल तर सेलला दोष देऊ नका. बोर्डाने स्वतःच माघार घेतली आहे.

ते कसं होतं, हे एकदा कॅबिनेटची बाजू उघडून बघण्यासारखं आहे. रात्रभर बंद असलेला पीसी सकाळी सुरू करा. पंखे फिरतात, बोर्डाच्या कडेला 'डीरॅम' लिहिलेला पिवळा किंवा नारिंगी दिवा लागतो, पाच-दहा सेकंदांनी सगळं खटकन बंद होतं, क्षणभराने परत सुरू होतं, परत तोच दिवा. दोन-तीनदा असं झालं की मग डिस्प्ले येतो आणि विंडोज निमूट उघडतं. आपण तोवर चहा आणायला गेलेलो असतो, त्यामुळे लक्षात येतं ते फक्त 'आज सुरू व्हायला जरा वेळ लागला' एवढंच. त्या वेळात बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत होता, म्हणजे सिग्नल कधी पाठवायचा आणि कधी वाचायचा याची अगदी बारीक जुळणी. ३२००ला जुळणी जमली नाही, ठरावीक प्रयत्न संपले आणि त्याने सुरक्षित २१३३ घेतलं. चालू पीसी रिस्टार्ट केला की हे सहसा होत नाही, थंड बोर्डावर होतं. म्हणून हा प्रकार डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी जास्त आढळतो.

डीडीआर५वाल्यांसाठी एक सूचना इथेच. नवी रॅम बसवल्यावर किंवा प्रोफाइल पहिल्यांदा लावल्यावर ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात. स्क्रीन काळी दिसली म्हणून बटण दाबून बंद करू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी तेच ट्रेनिंग पहिल्यापासून.

काय करायचं, कोणत्या क्रमाने

आधी फुकटचे उपाय. स्टिक काढून पुन्हा बसवा. आजच्या बऱ्याच बोर्डांवर स्लॉटला एकाच बाजूला खटका असतो. दुसऱ्या बाजूचं टोक पूर्ण खाली गेलंय की नाही ते डोळ्यांनी बघा, कारण खटक्याचा आवाज येऊनही दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. कोकणात किंवा मुंबईत, जिथे दमट हवा आहे, तिथे पिनांवर मळकट थर चढतो. खोडरबराने घासायचा जुना उपाय चालतो, पण हलक्या हाताने, आणि स्लॉटमध्ये रबराचा चुरा पडू न देता. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते जास्त चांगलं.

मग बायोस अपडेट. रायझनच्या बोर्डांवर याने खरोखर फरक पडतो, कारण मेमरी जुळवणारा कोड एएमडी अजेसा नावाच्या पॅकेजमध्ये देते आणि तो बायोसबरोबरच येतो. पहिल्या पिढीच्या रायझनची रॅमबाबतची कुप्रसिद्धी बऱ्याच अंशी अशा अपडेटनीच कमी झाली. अपडेट यूपीएसवर करा. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोस बदलला की ती मागितली जाऊ शकते, आणि नसेल तर डेटा गेला. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात.

याने भागलं नाही तर प्रोफाइल लावूनच एक पायरी खाली या. ३६०० असेल तर ३४६६ किंवा ३३३३, ३२०० असेल तर ३०६६ किंवा २९३३, टायमिंग तेच ठेवून. प्रोफाइलचं नाव बोर्डाप्रमाणे वेगळं असतं: एक्सएमपी, असूसच्या एएम४ (रायझनचं डीडीआर४वालं सॉकेट) बोर्डांवर डीओसीपी, एमएसआयवर ए-एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्स्पो. सगळ्यांचं काम एकच. एक पायरी खाली आल्यावर सकाळचा तमाशा थांबला तर दुखणं जुळणीचंच होतं, हे पक्कं झालं. २९३३ आणि ३२०० यांतला फरक रोजच्या वापरात तुम्हाला कळणार नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण तसंच आहे.

तरी ३२००च हवं असेल तर रॅमचं व्होल्टेज १.३५ वरून १.३७ किंवा १.३८ करा. डीडीआर४च्या साध्या स्टिकला १.४० पर्यंत माझी हरकत नाही, नवशिक्याने त्याच्या पुढे जायचं कारण नाही. कमांड रेट (मेमरीला आदेश द्यायला घेतलेले ठोके) १टी असेल तर २टी करा. रायझनवर गिअर डाउन मोड (आदेश जरा सावकाश देणारी सेटिंग) चालू ठेवा. एएम४वर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.१० पुरतं. ते ऑटोवर सोडलं की काही बोर्ड प्रोफाइल लावताच ते उगाच वर नेतात, म्हणून हाताने घाला. एएम५वर, म्हणजे डीडीआर५वाल्या पुढच्या सॉकेटवर, ही गंमत महागात पडली होती. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर, विशेषतः ७८००एक्स३डी, सॉकेटमध्येच जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजला १.३ची मर्यादा घातली. तुमचा एएम५ बोर्ड त्याआधीच्या बायोसवर असेल तर एक्स्पो लावण्याआधी अपडेट करा, नंतर नाही.

चार स्टिक असतील तर अपेक्षाच कमी ठेवा. आधी दोन घेतल्या, वर्षाने तशाच आणखी दोन, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. मॉडेल नंबर तोच असला तरी आतली चिप वेगळ्या कंपनीची असू शकते, आणि दोन वेगळे किट ३२००ला एकत्र नांदतील याची हमी कुणी देत नाही. रायझन ३०००मध्ये चार ड्युअल रँक (चिपांचे दोन गट असलेल्या) स्टिकसाठी एएमडीचा स्वतःचा अधिकृत आकडा २६६६ आहे. दोन काढून दोनवर चालवून बघा. अडचण गेली तर ती चारची होती.

जमलंच, तर थोडं पुढे

काही आठवडे सकाळ-संध्याकाळ नीट सुरू होत असेल तर हात साफ करायला हरकत नाही. त्याआधी महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. अस्थिर रॅम नुसती ब्लू स्क्रीन देऊन थांबत नाही, चुकीचे बिट डिस्कवर लिहूनही मोकळी होते. डाउनलोड केलेली झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना), गेम मध्येच डेस्कटॉपवर येणं, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळणं, ही आधीची लक्षणं. ऑफिसचे हिशोब ज्या पीसीवर आहेत त्यावर हे प्रयोग करूच नका.

वेग वाढवला म्हणजे फायदा झालाच असं नाही. सीएल गुणिले २०००, भागिले वेग, एवढं केलं की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. ३२०० सीएल १६ म्हणजे १०. ३६०० सीएल १८ म्हणजेही १०. डीडीआर५ची ६००० सीएल ३० तीसुद्धा १०. आणि २१३३ सीएल १५ म्हणजे १४ च्या वर. म्हणून घसरलेला पीसी मंद वाटतो, आणि म्हणूनच ३२००वरून ३६००ला गेल्यावर कुणी तोंडात बोट घालत नाही. तिथे मिळते ती बँडविड्थ, आणि रायझनवर आतल्या फॅब्रिकचा, म्हणजे प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या वाटेचा, वेग. हा फॅब्रिक मेमरीच्या निम्म्या आकड्यावर, ३६००ला १८००वर, मेमरीशी जोडीने चालतो. रायझन ३०००वर त्यापुढे गेलात की ऑटो सेटिंग ही जोडी तोडतं आणि विलंब उलट वाढतो. ४०००ची महागडी रॅम ३६००पेक्षा मंद चालताना दिसते ती यामुळेच.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहा. मोबाइलने बायोसच्या पडद्याचा फोटो काढलात तरी चालेल. गिअर डाउन मोड चालू असताना सीएल १७ घातलं आणि विंडोजमध्ये १८ दिसलं तर बोर्ड बिघडलेला नाही, त्या मोडमध्ये विषम सीएल पुढच्या सम आकड्यावर नेला जातो.

प्रत्येक बदलानंतर चाचणी. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी फार सौम्य आहे, तिच्यावर विसंबू नका. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्ट८६ची पूर्ण फेरी रात्रभर लावा. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी, आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड तापवणारा एखादा गेम दोन तास. एक जरी एरर आला तरी ती सेटिंग नापास. 'हजारांत एकच आला' असं म्हणून पुढे जाऊ नका.

चाचणी कोणत्या ऋतूत केली यालाही महत्त्व आहे. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एका चिमुकल्या कपॅसिटरमधला चार्ज. तो गळत असतो आणि ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. जेडेकने साध्या तापमानाला सगळी मेमरी ६४ मिलिसेकंदांत ताजी करायला सांगितलं आहे आणि ८५ अंशांच्या वर ही मुदत निम्मी केली आहे, ती उगाच नाही. टायमिंग अगदी काठावर आवळलेलं असेल तर जानेवारीत पास झालेली सेटिंग नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, बिनएसीच्या खोलीत दुपारी तीनला नापास होते. थंडीत पडते ती सुरुवात, उन्हाळ्यात पडतो तो चालू पीसी. दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. पहिलीला एक पायरी खाली या, दुसरीला टायमिंग सैल करा, नाहीतर व्होल्टेज थोडं उतरवा आणि स्टिकवर हवा खेळेल असं बघा.

प्रयोग फसून डिस्प्लेच येईनासा झाला तर घाबरू नका. प्लग काढा, बोर्डावर सीएलआर-सीमॉस किंवा जेबॅट१ लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पाच-दहा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सगळं मूळ सेटिंगवर येईल.

आणि हे सगळं करूनही भागलं नाही तर प्रोफाइल पूर्ण बंद करून, मूळ २१३३वर, एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये घालून मेमटेस्ट८६ चालवा. तिथेही एरर देणारी स्टिक खराबच आहे, तिच्यावर व्होल्टेजचे प्रयोग थांबवा आणि वॉरंटीत पाठवा. चांगल्या कंपन्या रॅमला दहा वर्षं किंवा आजीवन वॉरंटी देतात, फक्त स्टिकवरचं स्टिकर फाटलेलं नको. दुकानदाराला एरर आलेल्या पडद्याचा फोटो दाखवा, नाहीतर तो ती स्टिक काउंटरवरच्या पीसीत दोन मिनिटं लावतो आणि 'चालतेय की' म्हणून परत देतो. जोडीचा किट असेल तर दोन्ही स्टिक द्या. एकीच्या बदल्यात दुसऱ्याच चिपची एक आली, तर ३२००साठी पुन्हा जुळवाजुळव करावी लागेल.